पगारपत्रक बघून पडलेला प्रश्न (हॉस्पिटलात काम करणाऱ्या नाशिककरांनी जरूर लिहा)

खर्डेघाशी
मी अकाउंटवाला माणूस. पाच-सहा ठिकाणची पुस्तकं लिहितो, दोन शाळा, पिंपळगावला एक द्राक्षाच्या औषधांचं दुकान आणि गेल्या एप्रिलपासून मुंबई नाक्याच्या बाजूचं एक तीस खाटांचं हॉस्पिटल. नाव विचारू नका.

तर पहिल्यांदा तिथलं पगारपत्रक हातात आलं तेव्हा वाटलं टायपिंगची चूक असेल. बाहेरून येणारे कन्सल्टंट सोडले तर एकूण ३८ माणसं, त्यात २७ बायका. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, सहा वर्षं तिथेच असलेली सिस्टर, १४,५००. अँब्युलन्सचा ड्रायव्हर १७,०००. ड्रायव्हरच्या पोटावर मला पाय द्यायचा नाहीये, रात्री-बेरात्री घोटी-इगतपुरीहून पेशंट आणतो तो. पण तीन वर्षं शिकून, रजिस्ट्रेशन काढून, सहा वर्षं सुया टोचून साडेचौदा?

आणि खरा अडकलो तो आरएमओच्या, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या, दोन ओळींवर. दोघं बीएएमएस, कॉलेज एक, पास व्हायचं वर्ष एक, लागले दोन महिन्यांच्या अंतराने. त्याला २५, तिला २२. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, "सर नाईट करतात ना."

सगळीकडे असंच असतं का? की हे एकच हॉस्पिटल असं?

तर्री_जास्त
हा धागा शंभरी गाठणार. मी पापड घेऊन बसलो.

सिडकोकर
काका, यात धक्का बसण्यासारखं काय आहे? बाजार आहे तो. ड्रायव्हर उद्या सोडून सातपूर-अंबडच्या कंपनीत गाडी चालवायला जाईल, त्याला दहा दारं उघडी. सिस्टर हॉस्पिटल सोडून दुसऱ्या हॉस्पिटलातच जाणार आणि तिथेही तोच रेट. वर नर्सिंगची कॉलेजं गल्लोगल्ली निघाली, मुली ढिगाने बाहेर पडतात. माल जास्त झाला की भाव पडतो, लासलगावला जाऊन कांदेवाल्याला विचारा.

निशाचर
सिडकोकर, मी तुमचा "माल". जीएनएम, अकरा वर्षं झाली.

ढिगाने मुली आहेत तर मग काल रात्री माझ्याकडे १८ पेशंटला मी एकटी का होते? एक मावशी आणि मी. तिकडे १२ नंबरची सलाईन संपली की इकडे ७ नंबरला उलटी. मुली आहेत हो, त्यांना घेत नाहीत. दोघींचा पगार वाचवायचा आणि एकीला डबल ड्युटी लावायची. कितीतरी ठिकाणी तर ट्रेन्ड सिस्टर एकच असते, बाकी बारावी झालेल्या मुलींना पांढरा कोट घालून उभं करतात, पेशंटला काय कळतंय.

मी सुरगाणा तालुक्यातली. कोर्स झाल्यावर पहिला पगार ६,५०० होता. रुजू होताना ओरिजिनल सर्टिफिकेटं ठेवून घेतली, "सेफ राहतील" म्हणाले. दीड वर्षाने सोडायचं म्हटलं तर म्हणे एक महिन्याचा पगार भरा मग कागद देतो. आम्ही तिघी कॉट बेसिसवर एका खोलीत, एकीची नाईट असली की दुसरी तिच्या कॉटवर झोपणार. त्यातून घरी दोन हजार पाठवायचे. अशा मुलीला दहा काय, एक दार उघडं नसतं. ते हॉस्पिटलवाल्यांना पक्कं माहीत असतं म्हणून पेठ-सुरगाण्याच्याच मुली जास्त घेतात. शहरातली मुलगी घरी जाऊन सांगेल, बाप दुसऱ्या दिवशी येऊन भांडेल. माझा बाप नाशिकला यायचा तर एक दिवसाची मजुरी बुडायची.

आणि ओव्हर द्यायचा, म्हणजे पुढच्या पाळीच्या हाती काम सोपवायचा, वेळ कुठेच धरत नाहीत. ड्युटी आठला संपते, पुढची सिस्टर येणार, तिला पेशंट टू पेशंट ओव्हर द्यायचा, औषधं मोजून द्यायची, निघायला पावणेनऊ. हजेरीपटावर सही आठची.

सिडकोकर
ताई, शब्द चुकला माझा, माफ करा. पण मुद्दा तोच आहे ना, पर्याय नाही म्हणून भाव नाही.

निशाचर
मुद्दा तोच आहे. फक्त कांद्याचा भाव वर्षातून एकदा तरी चढतो.

तर्री_जास्त
एक पापड मोडला.

कलम_पोटकलम
थोडं कायद्याचं. नर्सेसच्या संघटनेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१६ मध्ये केंद्राला समिती नेमायला सांगितली होती. त्या समितीचं सूत्र असं: २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर त्याच दर्जाच्या सरकारी नर्सइतका पगार, १०० च्या वर असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० ला फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीसुद्धा २०,००० च्या खाली नको. राज्यांनी त्यावर कायदा किंवा नियम करावेत म्हणून केंद्राने कळवलंही.

म्हणजे खर्डेघाशींच्या त्या सिस्टरला २०१६ च्या शिफारशीप्रमाणेही साडेपाच हजार कमी मिळतायत. आता तुलनेला सरकारी बघा, राज्यात अधिपरिचारिकेची श्रेणी ३५,४०० पासून सुरू होते, वर महागाई भत्ता, घरभाडं.

सिन्नरचा_वारा
म्हणूनच सरकारी भरती निघाली की अख्खं मुंबई नाका फॉर्म भरायला बसतं. पण तिथेही आता कंत्राटी नाहीतर बाह्यस्रोत, म्हणजे एजन्सीमार्फत. मे २०२२ मध्ये सरकारी नर्सेस संपावर गेल्या होत्या त्या बाह्यस्रोत भरतीच्या विरोधातच. माझी वहिनी त्यात होती, भर उन्हात.

खाटा_तीस
दुसरी बाजू मांडतो, शिव्या द्यायच्या असतील तर नंतर द्या. माझंही छोटं हॉस्पिटल आहे, खर्डेघाशी लिहितात ते नव्हे (निदान माझा अकाउंटंट अजून इथे लिहीत नाही अशी आशा).

तीस खाटा म्हणजे रोज तीस पेशंट नव्हेत. पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत कॉरिडॉरमध्ये खाट टाकावी लागते आणि जानेवारीत नऊ-दहा पेशंटवर स्टाफ बसून असतो, पगार बारा महिने. ऑक्सिजन, फायर ऑडिट, बायोमेडिकल वेस्ट, जनरेटर, मशीनचे हप्ते. योजनेतल्या पेशंटचं पॅकेज ठरलेलं आणि पैसे कधी येतील ते आपण ठरवायचं नाही. मेडिक्लेमवाले बिलात कात्री लावतात. पेशंटचे नातेवाईक डिस्चार्जच्या वेळी नगरसेवकाचा फोन लावतात. यातल्या कशालाच मी "थोडं कमी घ्या" म्हणू शकत नाही. ज्याला म्हणू शकतो तो एकच रकाना आहे.

हे बरोबर आहे असं म्हणत नाहीये. २०,००० द्यायला हवेत हे मलाही पटतं. पण मी एकट्याने दिले आणि शेजारच्याने नाही दिले तर माझं बिल वाढणार आणि पेशंट त्याच्याकडे जाणार. सगळ्यांना एकदम सक्ती केली तर मी पहिला सही करेन.

सर्टिफिकेटं ठेवून घेणं मात्र निव्वळ दादागिरी आहे. आमच्याकडे झेरॉक्सवर काम चालतं.

निशाचर
डॉक्टर, "कमी घ्या" म्हणता येणारा एकच रकाना, हे इतकं सरळ आजवर कोणी लिहिलं नव्हतं. राग आला पण आवडलं.

भूलतज्ज्ञ
एवढे दिवस नुसती वाचत होते. बायकांचा पगार हा विषय म्हणून माझीपण गोष्ट.

नवरा ऑर्थोपेडिक, मी भूलतज्ज्ञ. आमच्या पिढीतली जोडपी मोजा, तो सर्जन किंवा ऑर्थो, ती गायनॅक, लहान मुलांची किंवा भूल. कोणी जबरदस्ती केलेली नसते, पण पीजीची शाखा निवडताना घरचे, सर, मैत्रिणी सगळे हेच सांगतात, "तुला झेपेल असं घे." मग मी झेपेल असं घेतलं. झेपेल असं म्हणजे रात्री अडीचला फोन आला की सिझरसाठी पळायचं.

बाहेरच्या हॉस्पिटलात गेले की केसमागे पैसे मिळतात. आमच्या स्वतःच्या हॉस्पिटलात चौदा वर्षांत मी एका केसचेही घेतले नाहीत. कधी विषयच निघाला नाही. मला विचारलं असतं तर मीच म्हणाले असते की आपलंच आहे. मागच्या वर्षी होम लोनसाठी बँकेत गेलो, त्या मुलाने विचारलं, मॅडमचं उत्पन्न? रिटर्नमधला आकडा बघून तो म्हणाला, "मॅडम पार्टटाईम करतात का?" नवरा हसला. मी पण हसले. गाडीत बसल्यावर मला ते हसू परत घ्यावंसं वाटलं.

त्या महिन्यापासून मी घरच्या हॉस्पिटललाही बिल देते. लेटरहेडवर. नवरा चेक देतो आणि दर वेळी विचारतो, "डिस्काउंट?"

गोदाकाठ
भूलतज्ज्ञताई, दंडवत. डिस्काउंट देऊ नका.

पाचवा_स्टॉप
विषयांतर होतंय पण माझ्या लहानपणी नाशिकरोडला सिस्टर म्हणजे मल्याळीच. मोडक्या मराठीत दटावायच्या, "ए पोरगा, हात ढीला सोड." आता शोधून सापडत नाहीत. कुठे गेल्या सगळ्या?

हायडेलबर्गहून
इकडे आल्या. मी मूळची इंदिरानगरची, बीएस्सी नर्सिंग, आरोग्य विद्यापीठाची डिग्री, तीन वर्षं झाली इथे. माझ्या वॉर्डात दोघी केरळच्या, एक फिलिपिन्सची, एक ट्युनिशियाचा मुलगा. आता महाराष्ट्र सरकारनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केलाय, त्यात नर्सिंग आहे. हायडेलबर्ग त्याच राज्यात.

पण स्वप्नं दाखवत नाही. जर्मन शिकायला मला सव्वा वर्ष गेलं, डिग्रीची मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून कमी पगारात काम केलं, आणि इथे पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं हे नर्सचंच काम, मावशी नसते. घरभाडं कंबर मोडतं. फरक एकच सांगते, रात्रपाळीचे जादा पैसे स्लिपवर वेगळ्या ओळीत येतात. पहिल्या महिन्यात मला वाटलं चुकून आले, मी परत करायला निघाले होते.

सफेद_बूट
पुरुष परिचारक बोलतोय, म्हणजे "ब्रदर". पेशंट "ओ डॉक्टर" म्हणतात आणि मी नर्स आहे म्हटलं की तोंड पडतं.

सगळे बायकांवर अन्याय म्हणताहेत, मान्य आहे, पण पुरुषांचंही ऐका. मॅटर्निटीत आम्हाला नको, लेडीज वॉर्डात नको, एम्सने २०१९ मध्ये ठरवलं की नर्सिंगच्या ८० टक्के जागा बायकांना. वर लग्न जमत नाही ते वेगळंच, मुलीकडचे विचारतात नर्स म्हणजे नक्की काय काम.

हां, एक कबूल करतो. मी ज्या हॉस्पिटलात लागलो तिथे पहिल्याच दिवसापासून मला दोन हजार जास्त होते, माझ्याआधी चार वर्षं असलेल्या सिस्टरपेक्षा. कारण विचारलं नाही. मिळतंय तर कोण विचारतो. दोन वर्षांत मला आयसीयू इन्चार्ज केलं, तिला नाही. तिचं तेव्हा बाळ लहान होतं.

कलम_पोटकलम
सफेद_बूट, प्रामाणिकपणे लिहिलंत. हे जगभरचं चित्र आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२२ चा अहवाल आहे, आरोग्य आणि देखभाल क्षेत्रात ६७ टक्के बायका, आणि वय, शिक्षण, कामाचे तास वगैरे जमेस धरूनही त्यांना पुरुषांपेक्षा सुमारे २४ टक्के कमी मिळतं. बायका जास्त आहेत त्याच क्षेत्रात हे.

सिडकोकर
पण त्यात इन्चार्ज-डॉक्टर सगळे एकत्र धरले असतील ना? वरच्या जागांवर पुरुष जास्त म्हणून सरासरी वर. खर्डेघाशींसारखी सेम टू सेम दोन माणसं मिळणं अवघड, आणि तिथेही कारण आहेच, नाईट. नाईटचे जास्त मिळायला नकोत का?

भूलतज्ज्ञ
मिळायलाच हवेत. पण खर्डेघाशी, तुमच्याकडे हजेरीपट आहे ना? नाईट मोजा की. दोघांच्या.

तर्री_जास्त
ओ हो हो. पापडाचा दुसरा पुडा फोडतोय.

पाड्यावरून
तुमचं होईल मोजून, तोवर आमच्याकडे या. मी बीएएमएस, हरसूलकडे एका उपकेंद्रात सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. कंत्राटी. २५,००० ठरलेले आणि १५,००० पर्यंत कामावर, म्हणजे इंडिकेटर (ठरवून दिलेली कामं) भरले तर. इंडिकेटर भरायचे ऑनलाइन आणि नेटवर्क मिळतं टेकाडावर, त्यामुळे महिनाअखेरीला मी टेकाडावर असते. नाशिकला आरएमओ होते तेव्हा १८ मिळायचे, त्यापेक्षा बरं म्हणून आले.

पण माझ्या हाताखालच्या आशाताईंचं सांगते. त्यांना "पगार" म्हणायचं नाही, "मोबदला" म्हणायचं, कारण त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका. २०२३-२४ च्या संपानंतर राज्याने पाच हजारांची वाढ दिली, ती खरी कामाची. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला तेव्हा आमच्या एका ताईला मी मोबाईलवर बातमी दाखवली. तिने वाचली, म्हणाली, "छान आहे मॅडम. तीन महिन्यांचे अडकलेत ते यात येतील का?"

गोदाकाठ
...

दिंडोरीवाला
माझी पोरगी यंदा बारावीला आहे, नर्सिंग म्हणतेय. हा धागा तिला दाखवू का लपवू?

निशाचर
दाखवा. आणि सांगा, करायचंच तर बीएस्सी कर, चार वर्षं लागतात पण पुढे दारं जास्त. कॉलेजला कौन्सिलची मान्यता आहे का ते आधी स्वतः जाऊन बघा, पत्रकावर विश्वास ठेवू नका. ओरिजिनल कागद कोणाला देऊ नका. आणि एवढं वाचूनही म्हणाली करायचंय, तर करू द्या. मी वैतागते रोज, पण सोडलं नाही.

दिंडोरीवाला
बरं ताई.

खर्डेघाशी
चार दिवस गायब होतो, जीएसटी. आता मोजलं.

एप्रिल ते सप्टेंबर, सहा महिन्यांचा हजेरीपट घेऊन रविवारी बसलो. सर: ५१ नाईट. मॅडम: ६४. दोनदा मोजलं, मग बायकोला बोलावून तिच्याकडून मोजून घेतलं. जूनमध्ये सर परीक्षेच्या सुट्टीवर होते, त्यांच्या सगळ्या नाईट मॅडमनी केल्यात. म्हणजे ज्या कारणासाठी त्याला तीन हजार जास्त, ते काम तीच जास्त करतेय.

सिडकोकर
६४??? घ्या. माझ्याकडे आता काही नाही बोलायला. कांद्याचं उदाहरणही मागे घेतो.

सफेद_बूट
काका, मोठ्या डॉक्टरांना सांगणार का?

खाटा_तीस
सांगा. पण मॅडमचं नाव पुढे करू नका, तुम्ही हिशेब तपासताना सापडलं असं सांगा. आणि इथे आकडे लिहिताना जरा सांभाळून, नाशिक लहान आहे.

खर्डेघाशी
आकडे थोडे इकडचे तिकडे केलेत, काळजी नसावी. उद्या जातो.

तर्री_जास्त
काका, आधी मिसळ खाऊन जा. रिकाम्या पोटी सत्य बोलू नये.

खर्डेघाशी
गेलो होतो. डॉक्टर माणूस वाईट नाही हो. कागद बघितला, चष्मा काढला, परत बघितला. पहिलं वाक्य, "तिने कधी मागितलंच नाही." मी म्हटलं, सर, त्याने मागितलं होतं का? तर आठवून म्हणाले, नाही, रुजू होताना त्याच्या वडिलांशी बोलणं झालं होतं, घर चालवायचंय वगैरे. मॅडमच्या बाबतीत धरून चाललो की नवरा कमावतो. मॅडमचं लग्न झालेलं नाहीये, हे मला पीएफच्या नॉमिनेशनवरून माहीत होतं, आई नॉमिनी आहे. त्यांना माहीत नव्हतं.

मग म्हणाले, बरोबर आहे, दुरुस्त करू. मी खूश. संध्याकाळी मॅनेजरचा मेसेज: पुढच्या महिन्यापासून दोघांनाही २२ बेसिक, आणि नाईटला ३०० प्रत्येकी.

कलम_पोटकलम
म्हणजे वाढ नाही केली, त्याचे कापले?

खर्डेघाशी
हिशेब करून बघा. मॅडमच्या महिन्याला दहा-अकरा नाईट, तीन हजारांच्या वर जातील. सरांच्या आठ-नऊ, म्हणजे २५ च्या जरा खाली. हॉस्पिटलला महिन्याचे पावणेतीन हजारांच्या आसपास जास्त पडले, बस. सर आज जिन्यात भेटले, बघून न बघितल्यासारखं केलं. मॅडमनी एक पेढा आणून दिला, काही बोलल्या नाहीत.

भूलतज्ज्ञ
पेढा घ्या. सरांनाही एखादी नाईट जास्त घेऊ द्या की, मार्ग मोकळा आहे.

निशाचर
काका, एक विचारू? त्या हॉस्पिटलात सिस्टरपण नाईट करतात ना?

खर्डेघाशी
करतात. विचारलं होतं मी त्याच बैठकीत. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर लोकांचं दिवाळीनंतर बघू." मी नवीन पगारपत्रकात नाईटचा रकाना सगळ्या ३८ ओळींना आखून ठेवलाय. सध्या दोनच भरलेत.

निशाचर
कुठली दिवाळी ते विचारून ठेवा.